राज्य बुडाले तेव्हा रयत कुठे होती?

पेशवाईचा शेवट फार लवकर झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला लढाईस तोंड लागले, १७ तारखेला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले आणि ३ जून १८१८ रोजी दुसरा बाजीराव जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाख रुपयांची नेमणूक घेऊन तो गंगाकाठी बिठूरला राहायला गेला. याच मुलखाने सव्वाशे वर्षांपूर्वी याहून कितीतरी भयंकर संकट अंगावर घेतले होते. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना हाल करून मारण्यात आले, रायगड पडला, येसूबाई आणि लहानगे शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराजांना थेट जिंजी गाठावी लागली. खजिना रिकामा, राजा शेकडो कोस दूर आणि समोर खुद्द औरंगजेब. तरीही रामचंद्रपंत अमात्य, संताजी घोरपडे, धनाजी जाधव आणि १७०० नंतर ताराबाई यांनी ती झुंज चालू ठेवली. १७०७ मध्ये अहमदनगरजवळ बादशहाचाच अंत झाला. एकदा जवळ काहीच नसताना राज्य तगले आणि एकदा फौज, पैसा, राजधानी सारे असताना ते सात महिन्यांत गेले. स्वातंत्र्य कशाने टिकते, या प्रश्नाचा विचार करायला मराठी वाचकाला दूर कुठे जाण्याची गरज नाही.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी याचे एक उत्तर दिले आहे. मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० साली प्रसिद्ध झाला. त्यात एक संपूर्ण प्रकरण संतांवर आहे. नामदेव शिंपी, सावता माळी, गोरा कुंभार, नरहरी सोनार, चोखामेळा, जनाबाई अशा माणसांनी काही शतके मराठीतून सांगितले की देवापर्यंत पोचायला मध्यस्थ लागत नाही आणि जन्म कुठल्या घरात झाला हे देव विचारत नाही. रानड्यांनी या चळवळीची तुलना युरोपातील धर्मसुधारणेशी केली आणि स्वराज्याचा पाया तिने घातला असे मत मांडले. इतिहासाचार्य राजवाड्यांना हे मुळीच पटले नाही. संतांनी समाजाला निवृत्तीकडे नेले, त्याला जाग आणली ती रामदासांच्या शिकवणीने, असा त्यांचा रोख होता. या वादात राजवाड्यांच्या बाजूने एवढे मान्य केले पाहिजे की अभंगातून थेट तलवार निघत नाही. पण वारकरी हा संसार सोडलेला बैरागी कधीच नव्हता. पेरणी आटोपून पंढरीला जाणारा आणि परत येऊन शेतात राबणारा तो कुणबी होता. श्रद्धेने त्याच्या मनात एवढेच रुजवले की आपल्यालाही काही किंमत आहे, आपल्यापाशीही राखण्यासारखे काही आहे. त्यापुढचे काम राज्यकर्त्याच्या वागणुकीचे होते.

ही वागणूक कशी होती हे १६७३ च्या मे महिन्यात शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतील लष्कराला पाठवलेल्या पत्रात दिसते. विषय अगदी साधा आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच उधळून टाकाल, मग घोडी उपाशी मरू लागतील आणि तुम्ही कुणब्यांच्या घरात शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला ओढून आणाल. असे झाले तर लोक घरेदारे टाकून जातील आणि तुमच्यापेक्षा मोगल बरे म्हणू लागतील. जे हवे ते बाजारात जाऊन विकत घ्या. पत्रात पुढे अशीही ताकीद आहे की रात्री दिवा जळता ठेवून झोपू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताची गंजी जळेल. मला हे पत्र कोणत्याही विजयाच्या वर्णनापेक्षा मोठे वाटते. शत्रूच्या तोफांइतकेच आपल्या शिपायाच्या हाताकडे लक्ष ठेवणारा राजा त्यात दिसतो. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लागू नये हा नियम लष्कराला लावला गेला, म्हणून पुढे राजा नसतानाही हे राज्य आपले आहे असे रयतेला वाटू शकले.

हे चित्र फार उजळ रंगवू नये. १६८९ नंतरच्या काळातही वतनाच्या लोभाने पक्ष बदलणारे सरदार होते. शिवाजी महाराजांनी नव्या वतनांना आळा घातला होता, राजारामांना मात्र माणसे धरून ठेवण्यासाठी वतने आणि इनामे द्यावी लागली. शिवाय स्वराज्य म्हणजे लोकशाही नव्हे, राजा निवडला जात नव्हता. पण परक्याच्या हुकमातून सुटणे ही स्वातंत्र्याची पहिली पायरी धरली, तर ती कुणाच्या बळावर चढली गेली हा प्रश्न राजेशाहीलाही विचारता येतो.

आता १८१८ कडे वळू. धर्म बुडाला म्हणून राज्य बुडाले असे सांगणारे आजही भेटतात. पुरावा नेमका उलट आहे. दुसरा बाजीराव अतिशय धार्मिक होता. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई, त्यावर लाखांनी खर्च होई. त्याच राजवटीत मामलती मक्त्याने दिल्या जात. जो जास्त रक्कम कबूल करील त्याला जिल्हा मिळे आणि तो ती रक्कम कुळांकडून दामदुपटीने उकळी. विठोजी होळकरांना १८०१ मध्ये पुण्यात हत्तीच्या पायी देण्यात आले. त्यांच्या भावाने, यशवंतरावांनी, पुढच्या वर्षी हडपसरला पेशव्यांची आणि शिंद्यांची फौज मोडली, तेव्हा पेशव्याने ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईला इंग्रजांशी तह करून गादी परत मिळवली. राज्य खरे तर तिथेच गेले होते. १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावला कंपनीच्या पलटणीत महार शिपाई लढले. शिवकाळात त्याच जातीची माणसे किल्ल्यांच्या राखणीवर होती. पेशवाईच्या राजधानीत त्यांना कसे वागवले गेले हे लक्षात घेतले, तर ते या राज्यासाठी का लढले नाहीत हे विचारण्याचा हक्क कुणाला उरतो?

इंग्रजांच्या तोफा, कवायती पलटणी आणि पैसा यांपुढे कोणीही हरले असते, हा आक्षेप खोटा नाही. लढाया का हरल्या याचे ते उत्तर आहे. बापू गोखले आष्टीला लढता लढता पडले, म्हणजे शौर्यही आटले नव्हते. पण लढाया हरल्यावरही मुलूख लढत राहतो, हे याच मातीने दाखवून दिले होते. १८१८ नंतर उमाजी नाईकांसारख्यांचे उठाव झाले. मुलूखभर मात्र वणवा पेटला नाही. मक्तेदाराने आधीच नागवलेल्या कुणब्याला पेशव्यासाठी जीव द्यावा असे वाटण्याचे कारण उरले नव्हते.

म्हणून माझे म्हणणे असे की श्रद्धा स्वातंत्र्याला तारते ती बलवंताला जाब विचारण्याचे धैर्य देते तेव्हा. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी सत्तेवर बसलेल्या राघोबादादांना दोषी ठरवले, देहान्त हेच याचे प्रायश्चित्त असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. रामशास्त्रीही धर्मशास्त्राचेच पंडित होते आणि रमण्यात हात पसरणारेही. धर्म एकच. एका ठिकाणी तो सत्तेवर अंकुश झाला, दुसऱ्या ठिकाणी तिचा आश्रित.

मग श्रद्धाच कशाला हवी, नुसती नीती पुरे नाही का? गोपाळ गणेश आगरकरांचे आयुष्य हा या आक्षेपाचा सर्वांत बळकट आधार आहे. देवाच्या कृपेची त्यांना गरज वाटली नाही, तरी तुटपुंज्या पगारावर शिकवत आणि १८८८ पासून ‘सुधारक’ चालवत ते चाळिशीच्या आत झिजून गेले. सनातन्यांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. सद्गुणावर श्रद्धावंतांची मक्तेदारी नाही, हे आगरकरांनंतर महाराष्ट्रात कुणी नाकारू नये. तरी एक फरक राहतो. आगरकर विचाराच्या बळावर एकटे उभे राहू शकले, लाखो माणसांना मात्र आपल्या फायद्यापलीकडचे काही पवित्र मानायला शिकवते ती सहसा श्रद्धाच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हे ठाऊक होते. जातीला आधार देणारा धर्म त्यांनी सोडला, पण माणसाला धर्माची गरज आहे हे म्हणणे सोडले नाही. १९५६ मध्ये नागपूरला त्यांनी जो धम्म स्वीकारला त्याचा गाभाच नीती आहे, असे ते मांडत.

कायदे चांगले असले की झाले, असे मानणाऱ्यांनाही बाबासाहेबांचेच उत्तर आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले की घटना कितीही चांगली असो, ती राबवणारे वाईट निघाले तर ती वाईटच ठरेल. देशाने पूर्वी स्वातंत्र्य गमावले ते आपल्याच माणसांच्या फितुरीमुळे, याची त्यांनी आठवण करून दिली. आणि ज्या भक्तीने मोक्ष मिळतो तीच भक्ती राजकारणात आली की हुकूमशाहीची वाट मोकळी करते, असा इशारा दिला. भक्तीची एवढी थोर परंपरा असलेल्या महाराष्ट्राने तो इशारा इतर कुणापेक्षा जास्त मनावर घ्यायला हवा, असे मला कळकळीने वाटते.

पंढरपूरला महाद्वारासमोर चोखोबांची समाधी आहे. सहाशे वर्षे वारकरी तिथे माथा टेकवत आले आणि तितकीच वर्षे चोखोबांच्या जातीला देवळाचे दार बंद राहिले. ज्या श्रद्धेने समता शिकवली, तिच्याच उंबरठ्यावर ती अडली होती. १९४७ च्या मे महिन्यात, देश स्वतंत्र व्हायला तीन महिने उरले असताना, साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण आरंभले आणि ते दार उघडले. गुरुजी स्वतः परम श्रद्धाळू होते, आणि त्यांनी झगडा मांडला तो आपल्याच धर्माच्या रखवालदारांशी. पुढे राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचे स्वातंत्र्य दिले, ते सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन ठेवले, आणि सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व जातीवर्गांना खुल्या करण्याचा कायदा करण्याची मुभाही त्याच कलमात सरकारला दिली.