आकडा लिहिण्याआधी

मालमत्तेचं मूल्यांकन म्हणजे चौरस फूट गुणिले दर, असं अनेकांना वाटतं. तो गुणाकार खरोखर एका ओळीत संपतो. पण त्या ओळीआधी कागद वाचायचे असतात, जागा मोजायची असते, आजूबाजूच्या माणसांना विचारायचं असतं, आणि आमचं काम खरं तर तेच आहे. सांगली-मिरज भागात मूल्यांकन करताना एक गोष्ट मनात पक्की झाली आहे. अहवालातला आकडा हिशेबात क्वचित चुकतो. तो चुकतो जागेवर न पाहिलेल्या, किंवा पाहूनही न लिहिलेल्या गोष्टींमुळे.

सुरुवात कागदांनी होते. शेतजमिनीला सात-बारा, आठ-अ, फेरफार आणि गटाचा नकाशा. शहरातल्या जागेला मालमत्ता पत्रक आणि सिटी सर्व्हेचा नकाशा. सदनिका असेल तर नोंदणीकृत करारनामा, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र. सात-बारा हाती आला की बहुतेक जण क्षेत्राचा रकाना शोधतात. मी आधी भोगवट्याचा वर्ग पाहतो. वर्ग १ ची जमीन मालक एरवी मोकळेपणी विकू शकतो. वर्ग २ ला शासनाची परवानगी लागते आणि बहुतेक वेळा नजराणाही भरावा लागतो. बांधाला बांध लागून असलेल्या दोन जमिनींच्या मूल्यात एवढ्या एका नोंदीने मोठी तफावत पडते. त्यानंतर इतर हक्क वाचायचे: कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, सोसायटीचा बोजा, भूसंपादनाचा शेरा. एखादी नोंद अर्धवट वाटली, तर तिचा फेरफार मागवल्याशिवाय पुढे जाऊ नये.

क्षेत्र वाचतानाही सावध राहावं लागतं. सात-बारावर हेक्टर आणि आर असतात, लोकांच्या तोंडी मात्र गुंठा. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर, एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर किंवा १०८९ चौरस फूट. दोन्ही सारखेच धरले, तर एका हेक्टरमागे गुंठ्याहून जास्त फरक पडतो. हमरस्त्याला लागलेल्या जमिनीत त्या एका गुंठ्याची किंमत काही लाखांत जाते.

मग जागेवर जायचं. मोकळ्या भूखंडाच्या बाबतीत पहिला प्रश्न दराचा नसतो; दाखवला जातोय तो भूखंड आपलाच आहे का, हा असतो. जुन्या बिनशेती आखणीत हद्दीचे दगड नाहीसे झालेले असतात, शेजारचे चार भूखंड सारखेच दिसतात आणि मालक स्वतः प्रामाणिकपणे भलत्याच तुकड्याकडे बोट दाखवतो. अशा वेळी नकाशावरच्या एखाद्या पक्क्या खुणेपासून, रस्त्याच्या कोपऱ्यापासून किंवा मंजूर खुल्या जागेपासून, टेप लावत यावं. करारातली चतुःसीमा शेजाऱ्यांच्या नावांशी ताडून पाहावी. मोजणीची क-प्रत असेल तर ती सोबत ठेवावी. बँका आता अक्षांश-रेखांशासह छायाचित्रं मागतात. ती घ्यावीतच, पण छायाचित्रातून आपण कुठे उभे होतो एवढंच कळतं. ती जागा कोणाची, हे कागद आणि टेप यांचा मेळ बसल्यावरच ठरतं.

सांगलीत पाहणीला आणखी एक बाजू आहे, पुराची. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या एका तळमजल्यावरच्या घरी गेलो, तेव्हा भिंतींना ताजा रंग होता. घरच्या काकू म्हणाल्या, "साहेब, पाणी उंबऱ्यापर्यंतच आलतं बघा." त्या मुद्दाम खोटं बोलत होत्या असं मला वाटत नाही. त्या घरावर मिळणाऱ्या कर्जावर लेकाचं दुकान अवलंबून होतं. मी जिन्याखालची मोकळी भिंत पाहिली, विजेचं मीटर किती उंचीवर हलवलंय ते पाहिलं, दरवाजाच्या चौकटीचा तळ नखाने दाबून पाहिला. शेजारच्या किराणा दुकानदाराने आपल्या फळीवरची खूण दाखवली: छातीएवढी. अहवालात मी मालकांचं म्हणणं, माझी निरीक्षणं आणि शेजाऱ्याने दाखवलेली उंची ही तिन्ही वेगवेगळी नोंदवली. निळी पूररेषा २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. मालमत्ता या रेषांच्या कोणत्या बाजूला आहे, हे प्रत्येक अहवालात असायला हवं. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामावर कडक बंधनं असतात, म्हणून तिथल्या जुन्या घराखालच्या जमिनीला मोकळ्या भूखंडाचा दर लावता येत नाही.

सदनिकेत वाद होतो तो क्षेत्रफळावरून. जाहिरातीतलं सुपर बिल्टअप, जुन्या करारातलं बिल्टअप आणि रेरा कायद्यातलं चटई क्षेत्र या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. रेराच्या व्याख्येत आतल्या विभाजक भिंती धरल्या जातात. बाहेरच्या भिंती, डक्ट, सदनिकेपुरती बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली जाते. म्हणून खोली न् खोली स्वतः मोजावी, बंद केलेली बाल्कनी वेगळी लिहावी आणि मंजूर नकाशाशी पडताळावी. नकाशात नसलेली खोली कितीही सुबक असली, तरी मूल्यात धरू नये. आणि दर ज्या क्षेत्राचा, तो त्याच क्षेत्राला लावावा. चटई क्षेत्राचा दर बिल्टअपला लावला की आकडा फुगतो, आणि वरवर पाहणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

दर शोधणं हे सगळ्यात चिकाटीचं काम. रेडी रेकनर हाताशी असतोच, पण तो मुद्रांक शुल्कासाठी केलेला तक्ता आहे. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी सलग दोन वर्षं त्यातले दर बदलले नव्हते. १ एप्रिल २०२५ पासून राज्यात सरासरी ३.८९ टक्के वाढ झाली. बाजार त्या दोन वर्षांत थांबला नव्हता. मुद्रांकासाठीच्या मूल्यतक्त्यावरून संपादित जमिनीचा बाजारभाव ठरवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९४ सालीच, जवाजी नागनाथम प्रकरणात, सांगितलं आहे.

त्यामुळे नोंदणी झालेल्या दस्तांचे ‘इंडेक्स दोन’ उतारे काढावे लागतात. त्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन आकडे असतात. दोन्ही रुपयासकट सारखे असतील, तर तो व्यवहार जपून वापरावा. तिथे तक्त्याचा दर पाहून किंमत लिहिलेली असण्याची शक्यता असते. भावाभावांतले व्यवहार, अविभक्त हिश्श्याची विक्री, घाईची विक्री बाजूला काढावी. एजंटला विचारताना "काय दर चाललाय?" असं विचारलं की मागणीचा दर कळतो. "शेवटचा सौदा कितीला तुटला, आणि किती दिवस लागले?" असं विचारलं की बाजार कळू लागतो. तीन-चार चांगले व्यवहार मिळाले की मजला, रस्त्याची रुंदी, इमारतीचं वय, वाहनतळ यांसाठी करायची वजाबाकी-बेरीज कारणासह लिहावी.

घसाऱ्याचा हिशेब सोपा आहे, पण तो कुठे लावायचा हे कळायला हवं. समजा आरसीसी इमारतीचं आयुष्य ६० वर्षं धरलं, वय २४ आणि शेवटी उरणारी किंमत १० टक्के. मग २४ भागिले ६० गुणिले ९०, म्हणजे ३६ टक्के घसारा. जमीन आणि बांधकामाचं मूल्य वेगवेगळं काढताना हे योग्य आहे. पण त्याच वयाच्या जुन्या सदनिकांच्या विक्रीवरून एकत्रित दर काढला असेल, तर घसारा त्या दरात आधीच आलेला असतो. तो पुन्हा वजा केला, तर मालकावर अन्याय होतो.

गेल्या काही वर्षांत या व्यवसायाची चौकट बदलली. कंपनी कायद्याखालच्या मूल्यांकनासाठी २०१७ चे नियम आले. जमीन-इमारत, यंत्रसामग्री आणि वित्तीय मत्ता असे तीन वर्ग झाले. प्रशिक्षण, परीक्षा आणि भारतीय नादारी आणि दिवाळखोरी मंडळाकडे (आयबीबीआय) नोंदणी आली. संपत्तीकर २०१५ मध्ये गेला, पण त्या कायद्यातली मूल्यांकनकारांची नोंदणी प्राप्तिकराच्या कामासाठी उपयोगी राहिली. वडिलोपार्जित घर विकणारे भांडवली नफ्यावरच्या कराच्या हिशेबासाठी आमच्याकडे १ एप्रिल २००१ चं मूल्य काढून घ्यायला येतात. जमीन-इमारतीचं हे मूल्य त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही, अशी मर्यादा २०२० च्या वित्त कायद्याने घातली. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या जमीन-घरासाठी निवासी व्यक्तींना १२.५ टक्के दराचा कर किंवा महागाई निर्देशांकासह २० टक्के, यांतला कमी पडेल तो लागू होतो. त्यामुळे २००१ चा आकडा आजही कामाचा आहे. तो काढताना आजच्या दरातून मागे येऊ नये. २००१ च्या आसपासचे दस्त शोधावेत आणि घराची तेव्हाची अवस्था विचारून नोंदवावी.

आता संगणक क्षणात दर सांगतो. ३१ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय मूल्यांकन मानकांनी स्पष्ट केलं आहे, की मूल्यांकनकाराने स्वतःची निर्णयबुद्धी वापरल्याशिवाय कोणतंही प्रारूप मानकांना धरून मूल्य देऊ शकत नाही. नव्या मुलांनी अशी साधनं जरूर वापरावीत. माहिती गोळा करण्याचा वेळ वाचतो, आणि तो जागेवर घालवता येतो.

दबाव सगळीकडून येतो. कर्जदाराला आकडा मोठा हवा असतो. कर्ज थकल्यावर लिलावाची राखीव किंमत ठरते, तेव्हा लवकर विक्री हवी असणाऱ्यांना तो लहान हवा असतो. एका शाखेतून मला पाहणीआधीच "एवढं बसलं पाहिजे" असा निरोप आला होता. मी ते काम परत पाठवलं. दबावाला उत्तर देण्याची सवय अहवालातच लावून घ्यावी. पाहणीची तारीख, सोबत कोण होतं, काय पाहता आलं नाही, कोणते व्यवहार घेतले, कोणते का सोडले, हे सगळं त्यात असावं. पाच वर्षांनी कुणी वकील, न्यायाधीश किंवा दुसरा मूल्यांकनकार तो उघडेल. मला फोन न करता, केवळ माझ्या नोंदींवरून त्याला त्याच आकड्याच्या आसपास पोहोचता आलं पाहिजे. सही करण्याआधी मी प्रत्येक अहवाल या एका कसोटीवर वाचतो, आणि नव्याने या कामात येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगतो.