पाटी बँकेची, भांडवल कोणाचे?

नाशिकच्या कापडबाजारात नवी पेढी उघडली की जुने व्यापारी आधी विचारतात, मालकाची स्वतःची रक्कम किती? उधारीची बात त्यानंतर. बँकांनी म्युच्युअल फंड काढले तेव्हा मात्र आपण हा सवाल केला नाही. मीसुद्धा एका बँकेची पाटी पाहूनच अर्ज भरला होता. मुद्दलाला बँक जामीन आहे, अशी माझी समजूत. योजना संपली तेव्हा मुद्दलही पुरे हाती आले नाही.

स्टेट बँकेचा फंड जून १९८७ मध्ये स्थापन झाला, डिसेंबरात कॅनबँकेचा आला. तेव्हा सेबीचा जन्मही झाला नव्हता. सेबीचे नियम १९९३ च्या जानेवारीत आले. फंडाची मालमत्ता विश्वस्तांकडे आणि कारभार वेगळ्या कंपनीकडे, अशी तजवीज त्यांत झाली. म्हणजे बँक फक्त प्रायोजक. स्टेट बँकेच्या फंडाच्या माहितीपत्रकात छापलेले असे की, फंड उभारताना दिलेल्या ५ लाख रुपयांपलीकडे योजनेच्या तोट्याची जबाबदारी बँकेवर नाही. पाच लाख! आमच्या गल्लीतल्या मध्यम दुकानात याहून जास्त किमतीच्या साड्या पडून असतात.

नव्या योजनेत मालकाची रक्कम हवीच, हे सेबीने २०१४ मध्ये ठरवले. जमलेल्या रकमेचा १ टक्का किंवा ५० लाख, यांतली कमी असेल ती रक्कम प्रायोजकाने किंवा कंपनीने घालायची आणि योजना गुंडाळेपर्यंत काढायची नाही. पण हिशेब करून पाहा. योजनेत ५०० कोटी जमले तर ५० लाख म्हणजे शंभर रुपयांत दहा पैसे. २०२१ मध्ये ही कमाल मर्यादा गेली. कंपनीचा वाटा जोखमीप्रमाणे ०.०३ ते ०.१३ टक्के ठरला आणि योजना वाढेल तसा तो वाढवायचा झाला.

सुरुवातीला सवलतही असते. योजनेत किमान २० गुंतवणूकदार हवेत, एकाकडे २५ टक्क्यांहून जास्त हिस्सा नको, हा नियम २००३ चा. खुल्या योजनेला तो पुरा करण्यास विक्री संपल्यावर सुमारे तीन महिने दिले गेले.

अमेरिकेत मामला उलटा. तेथील २०१० च्या कायद्यातला व्होल्कर नियम हेज फंडासारख्या खासगी फंडांना लागू झाला. बँकेने असा फंड काढला तर सुरुवातीचे सारे भांडवल ती घालू शकते, पण वर्षभरात तिचा हिस्सा ३ टक्क्यांवर यायला हवा. मुदतवाढ फार तर आणखी दोन वर्षे. ठेवीदारांचा पैसा फंडात बुडू नये, ही तिथली चिंता. आपल्याकडची चिंता मालक पळू नये, ही. मला आपली जास्त पटते, फक्त दहा-तेरा पैशांवर माझे समाधान होत नाही.

परवा मुलाने एका बँकेच्या नव्या योजनेचा अर्ज दुकानात आणला. मी माहितीपत्रक मागवले आहे. ते येईपर्यंत अर्ज गल्ल्याखाली ठेवला आहे.