उन्हात विरणारा रंग

जुहू चौपाटीवर उन्हातान्हात फिरायला आलेली माणसं तोंडाला सनस्क्रीन चोपडतात. अशा अनेक मलमांत टिटॅनियम डायऑक्साइडची पांढरी भुकटी असते. घराच्या भिंतींना शुभ्रपणा येतो तोही तिच्यामुळेच. ती ज्या इल्मेनाइट या खनिजापासून बनते, ते रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतही सापडतं. हीच भुकटी ऊन अंगावर घेऊन रंगीत सांडपाणी निवळवू शकते.

असं पाणी निवळणं किती गरजेचं आहे, हे ऑगस्ट 2017मध्ये तळोज्यात दिसलं. तिथल्या औद्योगिक वसाहतीतली भटकी कुत्री कारखान्यातल्या रंगामुळे चक्क निळी झाली होती. प्रदूषण नियंत्रण मंडळाला एक कारखाना बंद करावा लागला.

कापडाचा रंग साबणाला, घामाला, धुण्याला दाद देऊ नये अशाच बेताने घडवलेला असतो. त्यामुळे सांडपाणी केंद्रातल्या जिवाणूंनाही तो सहजी पचत नाही.

भुकटी इथे कामाला येते. तिच्या कणावर अतिनील किरण पडला की एक इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे रिकामी जागा उरते. ती जागा पाण्यातून हायड्रॉक्सिल मूलक तयार करते. हा मूलक क्षणभरच टिकतो, पण तेवढ्यात समोर येईल त्या रंगाच्या रेणूचा लचका तोडतो. तुकड्यांचे तुकडे होत अखेर बहुतांशी कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि क्षार उरतात. भुकटी मात्र खर्च होत नाही. सनस्क्रीनमध्ये हा उद्योग त्वचेवर होऊ नये म्हणून कणांवर सहसा लेप चढवतात.

टिटॅनियम डायऑक्साइड प्रकाशात पाण्याचं विघटन करू शकतं, हे फुजिशिमा आणि होंडा या जपानी संशोधकांनी 1972 साली ‘नेचर’मध्ये मांडलं. याच भुकटीने प्रदूषकं मोडण्यावर महाराष्ट्रातही काम झालं आहे. माटुंग्याच्या आजच्या आयसीटी या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी आरशांनी एकवटलेलं ऊन वापरून बेंझीन सल्फॉनिक ॲसिड मोडून दाखवलं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेने रंगनिर्मितीत लागणाऱ्या चिवट एच-ॲसिडवर आधी प्रकाशाचा आणि मग जिवाणूंचा प्रयोग केला.

अडचणीही खऱ्या आहेत. उन्हात अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के असतात. गडद पाण्यात ते खोलवर शिरत नाहीत. बारीक भुकटी गाळून परत मिळवणं कष्टाचं असतं, आणि पावसाळ्यात ऊनच नसतं.

म्हणूनच सगळा भार उन्हावर टाकून चालणार नाही. त्याला जिवाणूंच्या जोडीला उभं करायला हवं. तळोजा, तारापूर, डोंबिवली इथे सामूहिक सांडपाणी केंद्रं आहेत आणि पावसाळा सोडला तर आठ महिने ऊनही आहे. यातल्या एका तरी केंद्राच्या आवारात असा प्रयोग उभा राहावा आणि त्याचे आकडे लोकांसमोर यावेत.