न ऐकू येणारा नाद आणि देवघरातले पितळ

गेल्या दिवाळीस मुंबईहून आलेल्या आमच्या पुतण्याने ढाणकीच्या घरी एक लहानसे यंत्र आणले. चष्मेवाले व सराफ ज्यात चष्मे आणि दागिने धुतात, तेच हे श्राव्यातीत नादाचे यंत्र. देवघरातला पितळी बाळकृष्ण त्यात घालावा आणि पाण्यात नेहमीचे चिंच-मीठही टाकावे, अशी त्याची सूचना. मूर्ती चार पिढ्यांची. नाकडोळे घासून घासून आधीच पुसट झालेले. तेव्हा पहिली परीक्षा मूर्तीवर नको, असे आम्ही ठरविले आणि पोळ्या गुंडाळावयाचा ॲल्युमिनियमचा पातळ कागद साध्या पाण्यात धरला. थोड्याच वेळात त्याची चाळणी झाली!

हे घडते कसे? मनुष्याच्या कानास सेकंदाला सुमारे २०,००० कंपनांपर्यंतचाच नाद ऐकू येतो. ह्या यंत्रांत तो बहुधा ४०,००० च्या आसपास असतो. त्याच्या लहरींनी पाणी क्षणात ताणले व क्षणात दाबले जाते. ताणाने सूक्ष्म बुडबुडे उत्पन्न होतात, दाबाने ते कोसळतात आणि पाण्याची सुईसारखी धार जवळच्या धातूवर आदळते. कोसळत्या पोकळीतील प्रचंड दाबाचे गणित लॉर्ड रॅले ह्यांनी १९१७ साली मांडले. जहाजांचे पंखे खड्डे पडून का झिजतात, हे कोडे त्यामागे होते. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत प्रा. अनिरुद्ध पंडित ह्यांनी ह्याच बुडबुड्यांची शक्ती कामास लावण्याविषयी दीर्घकाळ संशोधन केले आहे.

आता मिठाकडे वळू. ॲल्युमिनियम व स्टेनलेस पोलाद टिकते, ते अंगावरील अतिसूक्ष्म ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे. मिठातील क्लोराइड हा त्या पापुद्र्याचा वैरी. नादाच्या घावांनी पापुद्रा फुटला, की क्लोराइड उघड्या धातूस गाठते. शिवाय पाणी घुसळले गेल्याने लोखंड व तांबे ह्यांच्यापर्यंत प्राणवायू लौकर पोचतो आणि गंज वाढतो. पितळेतील जस्त तर खाऱ्या पाण्यात तांब्याच्या आधीच विरघळू लागते. मौज अशी, की स्टेनलेस पोलादाच्या बारीक खड्ड्यांत साठलेले आम्ल व क्लोराइड हाच नाद धुऊन काढतो, आणि त्यामुळे त्या खड्ड्यांची वाढ मंदावल्याचेही प्रयोगांत दिसून आले आहे. म्हणजे तारक कोण आणि मारक कोण, हे धातू व प्रसंग पाहूनच ठरवावे लागते.

आमच्या भगिनींस एवढेच सुचवावेसे वाटते, की यंत्र वापरावयाचे तर साधे पाणी, सौम्य साबण आणि थोडा वेळ पुरे. मीठ घालू नये. ॲल्युमिनियमची भांडी आणि मोत्यांची नथ दूरच ठेवावी.

बाळकृष्ण आम्ही मऊ फडक्याने पुसला. “काळा देव कसा पुजायचा रे?” असे आमच्या मातोश्रींनी विचारलेच. प्रत्येक घासणीबरोबर मूर्तीचा एक थर जातो आणि हा काळसरपणा बऱ्याच अंशी तिचे कवच आहे, हे पुतण्याने समजावून सांगितल्यावर त्या हसल्या व म्हणाल्या, “कृष्णच तो! सावळा असला, तर बिघडले कोठे?”