जखडलेल्या खांद्याला हस्तोपचाराची गती

अमरावती व अकोला जिल्ह्यांत दसऱ्याच्या सुमारास कापसाच्या वेचणीला प्रारंभ होतो. दोन्ही हात दिवसभर चालते ठेवावे लागणाऱ्या या कामात खांदा जखडला, तर मजुरीवरच गदा येते. वेणी घालणे, खुंटीवरचा कपडा काढणे, फळ्यावर लिहिणे अशी नित्याची कामेही मग अशक्य होतात. अमेरिकन शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली या विकाराला 'फ्रोझन शोल्डर' अर्थात गोठलेला खांदा हे नाव दिले. साधारणतः ४० ते ६० वर्षे वयात तो आढळतो. मधुमेही व्यक्तींत त्याचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक असते.

सांध्याची रचना

खांद्याची खोबण उथळ असून दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्या मानाने मोठा असतो. बशीवर लिंबू ठेवावे, तशी ही रचना होय. त्यामुळेच शरीरातील सर्वाधिक हालचाल या सांध्यात होते. हात बाजूने वर उचलताना हा माथा वर लोळतो आणि त्याच वेळी किंचित खाली घसरतो. सांध्याभोवतीचे आवरण सुजून आकसले, की हे घसरणे थांबते व हात मध्येच अडतो.

हातांनी करावयाचे उपचार

हरवलेले हे घसरणे परत मिळविणे, हाच भौतिकोपचारतज्ज्ञाच्या हस्तोपचाराचा हेतू असतो. रुग्णाचे स्नायू सैल ठेवून तज्ज्ञ दंडाचा माथा खाली, मागे अथवा पुढे हळुवार सरकवितो. ऑस्ट्रेलियाचे जेफ्री मेटलँड यांनी या आंदोलनांच्या ४ प्रती ठरविल्या. पहिल्या दोन प्रतींत अडथळ्यापर्यंत न जाता वेदना शमविली जाते. पुढील दोन प्रतींत अडथळ्यापर्यंत जाऊन आवरण ताणले जाते. दुखणे तीव्र असताना जोर लावल्यास सूज वाढते. म्हणून कोणती प्रत केव्हा वापरावी, या निर्णयातच तज्ज्ञाचे खरे कौशल्य असते.

मिळालेली गती टिकविण्यासाठी घरचा व्यायाम आवश्यक असतो. निरोगी हाताने टेबलाचा आधार घेऊन पुढे वाकावे, दुखरा हात सैल सोडावा आणि शरीराच्या झोक्याने तो लंबकासारखा हलू द्यावा. बोटांनी भिंतीवर हळूहळू वर चढणे हा दुसरा सोपा व्यायाम होय. हा विकार बरा होण्यास कित्येकदा १ ते ३ वर्षे लागतात. धीर सोडू नये.

मालीश आणि उपचार

वऱ्हाडला व्यायामाची थोर परंपरा आहे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून ही परंपरा जोपासत आहे. आखाड्यातील मालीशने स्नायू सैलावतात, हे खरे. परंतु आकसलेले आवरण केवळ तेल चोळून सुटत नाही. हात झटक्याने ओढल्यास ठिसूळ हाड मोडण्याचा किंवा सांधा निखळण्याचा धोका असतो. पक्षाघाताच्या रुग्णाचा लुळा हात तर कधीही ओढू नये.

पडल्यानंतरचे दुखणे, ताप, घटणारे वजन अशी लक्षणे असल्यास आधी वैद्यकीय तपासणी करावी. डाव्या खांद्यासोबत छातीत दुखून घाम आल्यास विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

गावाची जबाबदारी

महाराष्ट्रात भौतिकोपचाराचे शिक्षण १९५३ साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. अकोल्यात २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले असून तेथे अस्थिरोगतज्ज्ञांचा सल्ला मिळतो. तथापि, पहिले पाऊल गावातच पडावयास हवे. वयाची ३० वर्षे ओलांडलेल्यांची मधुमेह तपासणी आरोग्य केंद्रांत केली जाते. खांदा जखडलेल्या प्रत्येकाला तेथे पाठविण्याचे काम पंचायत सदस्य व शिक्षक सहज करू शकतील. दुखऱ्या खांद्याच्या निमित्ताने लपलेला मधुमेह वेळीच उघडकीस आला, तर त्या कुटुंबाचे पुढील मोठे संकट टळू शकेल.