विश्लेषण : युनिट दुप्पट, मग बिल अडीचपटीहून जास्त कसे?

उन्हाळ्याचे वीजबिल मोबाइलवर आले की घरोघरी एकच प्रश्न असतो : पंखे तेवढेच, दिवे तेवढेच, मग बिल इतके कसे? त्यात वीज आकार, स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन शुल्क, वीज शुल्क अशी नावे एकाखाली एक छापलेली असतात. ग्राहक शेवटचा आकडा पाहतो आणि चडफडत भरून मोकळा होतो. प्रत्यक्षात बिलातील प्रत्येक ओळीमागे वेगळे कारण आहे. ते कळले तर बिल बरोबर आहे की चुकले आहे, हे घरबसल्या तपासता येते.

बिलात नेमके काय काय असते?

पहिला भाग स्थिर आकाराचा. एक युनिटही वापरले नाही तरी तो द्यावाच लागतो. दुसरा वीज आकार, म्हणजे वापरलेल्या प्रत्येक युनिटची किंमत. तिसरा वहन आकार, म्हणजे तारा, रोहित्रे, उपकेंद्रे यांच्या वापराचे प्रति युनिट भाडे. चौथे इंधन समायोजन शुल्क, ते दर महिन्याला कमी-जास्त होते. या सगळ्यांच्या बेरजेवर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क लागते. ही रक्कम वीज कंपनीला मिळत नाही, राज्य सरकारच्या तिजोरीत जाते. विजेवर जीएसटी नाही, पण हे शुल्क आहे. शिवाय ते टक्क्यांत असल्याने मूळ दर वाढला की आपोआप वाढते.

१०० युनिट ओलांडले की काय होते?

महावितरणचे घरगुती दर चार टप्प्यांत आहेत : १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर. उदाहरणासाठी २०२४-२५ या वर्षाचे दर घेऊ. पहिल्या १०० युनिटना वीज आकार ४.७१ रुपये होता, पुढच्या २०० युनिटना १०.२९ रुपये. वहन आकार सर्वांना १.१७ रुपये आणि सिंगल फेज जोडणीचा स्थिर आकार दरमहा १२८ रुपये.

या हिशेबाने १०० युनिटचे बिल असे होते : वीज आकार ४७१, वहन आकार ११७, स्थिर आकार १२८, मिळून ७१६ रुपये. त्यावर १६ टक्के धरून सुमारे ८३१ रुपये. आता २०० युनिट पाहू. वीज आकार १५००, वहन आकार २३४, स्थिर आकार १२८, मिळून १८६२ आणि वीज शुल्कासह सुमारे २१६० रुपये. वापर दुप्पट, बिल २.६ पट. यात इंधन समायोजन शुल्क धरलेलेच नाही.

एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. १०१ वे युनिट पडले म्हणजे सगळीच युनिट महाग दराने लागतात, असे होत नाही. पहिली १०० युनिट स्वस्त दरानेच मोजली जातात, वरच्या युनिटनाच वरचा दर लागतो. पण फरक मोठा आहे. वीज शुल्क धरून १०० वे युनिट ६ रुपये ८२ पैशांना पडते, तर १०१ वे १३ रुपये २९ पैशांना.

म्हणूनच एसीचा फटका जास्त जाणवतो. दीड टनाचा एसी तासाला साधारण एक ते दीड युनिट खातो. महिन्याला १२० युनिट वापरणाऱ्या घरात रोज सहा तास एसी चालला आणि तासाला एकच युनिट धरले, तरी १८० युनिट वाढतात. बिल सुमारे १०९६ रुपयांवरून ३४८९ रुपयांवर जाते. वापर अडीचपट, बिल तिपटीहून जास्त.

दरवाढ जाहीर झाली नसतानाही बिल का वाढते?

पहिले कारण इंधन समायोजन शुल्क. वर्षाचा दर ठरवताना कोळसा आणि वीजखरेदीचा खर्च अंदाजाने धरलेला असतो. प्रत्यक्ष खर्च त्याहून वाढला तर फरक या नावाने पुढच्या बिलांतून वसूल होतो. २०२२ मध्ये देशात कोळशाची टंचाई झाली, तेव्हा केंद्राने वीज केंद्रांना १० टक्क्यांपर्यंत आयात कोळसा मिसळायला सांगितले होते. आयात कोळसा महाग. असा वाढीव खर्च शेवटी ग्राहकापर्यंत पोहोचतो.

दुसरे कारण रीडिंगचे. रीडिंग ३० ऐवजी ३६ दिवसांनी घेतले तर युनिट जास्त दिसणारच. अशा वेळी टप्पेही दिवसांच्या प्रमाणात वाढवून द्यावे लागतात, म्हणजे पहिला टप्पा १०० ऐवजी १२० युनिटचा होतो. रीडिंग घेतलेच नाही तर सरासरीने बिल येते आणि खरे रीडिंग मिळाल्यावर सगळी थकबाकी एकदम अंगावर येते. २०२० च्या टाळेबंदीत राज्याने हे अनुभवले. रीडिंग थांबले, हिवाळ्यातील कमी वापराच्या सरासरीवर उन्हाळ्याची बिले गेली आणि जूनमध्ये काही महिन्यांचा फरक एकत्र आला. त्यातच १ एप्रिलपासून नवे दर लागू झाले होते. लोकांनी वीज कार्यालयांवर धडक मारली ती या गोंधळामुळे.

तिसरे कारण सुरक्षा ठेव. वर्षाच्या सरासरी वापरानुसार ठेवीची रक्कम पुन्हा ठरते आणि कमी पडली तर वेगळे बिल येते. ही दरवाढ नसते. ठेवीवर व्याज मिळते आणि ते बिलात वळते करून द्यावे लागते.

हे दर ठरवते कोण?

दर वीज कंपनी परस्पर ठरवत नाही आणि मंत्रीही ठरवत नाही. हे काम १९९९ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे आहे. कंपनी आपल्या खर्चाचा प्रस्ताव देते. तो जाहीर करून ग्राहकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात, जनसुनावणी होते आणि आयोग आदेश देतो. मागील वर्षांत खर्चापेक्षा वसुली कमी झाली असेल, तर मान्य झालेली तूटही पुढच्या दरांत मिसळली जाते. त्यामुळे आजच्या बिलात काही अंशी गेल्या वर्षांचाही हिशेब असतो.

या सुनावण्यांना उद्योगांचे वकील आणि ग्राहक संघटनांचे अभ्यासक जातात. सामान्य घरगुती ग्राहक तिथे अभावानेच दिसतो. बिल आल्यावरचा संताप मोठा असतो, पण दर ठरतात तेव्हा कंपनीचे आकडे तपासायला त्याच्या बाजूने मोजकीच माणसे असतात.

न वापरलेल्या विजेचेही पैसे जातात का?

जातात. वितरण कंपनीचा सर्वात मोठा खर्च वीजखरेदीचा असतो. दीर्घ मुदतीच्या करारात वीज प्रकल्पाला दोन रकमा द्याव्या लागतात. एक उभारणीच्या खर्चापोटी, दुसरी घेतलेल्या विजेपोटी. प्रकल्प वीज द्यायला तयार असेल आणि कंपनीने ती घेतली नाही, तरी पहिली रक्कम चुकत नाही.

दाभोळचा एन्रॉन प्रकल्प हे याचे सर्वात गाजलेले उदाहरण. ७४० मेगावॉटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला. वीज इतकी महाग पडू लागली की दोन वर्षांतच, मे २००१ मध्ये, तत्कालीन राज्य वीज मंडळाने खरेदी थांबवली. माधव गोडबोले समितीने या कराराची चिकित्सा केली. मागणीचा अंदाज चुकला आणि करार महागात झाला, की त्याचा भुर्दंड वर्षानुवर्षे राहतो, हा त्यातला धडा.

शेतीपंपांचा भार घरगुती ग्राहकावर पडतो का?

काही प्रमाणात. शेतीला आणि कमी वापराच्या घरांना वीज पुरवठ्याच्या सरासरी खर्चापेक्षा स्वस्त मिळते. ती तफावत उद्योग, दुकाने आणि जास्त वापराची घरे यांच्याकडून भरून काढली जाते. उरलेली रक्कम सरकार अनुदानातून देते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे मोफत वीज देण्याची राज्याची योजना अशाच अनुदानावर चालते.

वादाचा मुद्दा वेगळा आहे. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजाने धरला जातो. तो फुगवून त्याआड वीजगळती आणि चोरी दडवली जाते, असा ग्राहक संघटनांचा जुना आक्षेप आहे. तो खरा असेल, तर शेतकऱ्याच्या नावावर टाकलेले ओझे प्रत्यक्षात कंपनीच्या ढिसाळ कारभाराचे ठरते आणि त्यात शेतकरी आणि शहरी ग्राहक दोघेही नाहक एकमेकांसमोर उभे राहतात.

मुंबईत बिल वेगळे का?

कारण तिथे पुरवठादारच वेगवेगळे आहेत. शहर भागात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा पॉवर, तर मुलुंड-भांडुपमध्ये महावितरण. प्रत्येकाचे वीजखरेदी करार वेगळे, म्हणून दरही वेगळे. त्यामुळे दोन नातेवाइकांची बिले समोरासमोर ठेवताना कंपनी, टप्पा आणि दिवस तिन्ही जुळतात का, हे आधी पाहावे.

स्मार्ट मीटरमुळे बिल वाढते का?

मीटर बदलल्याने दर बदलत नाही. जुना मीटर संथ झालेला असेल, तर नव्यावर खरा वापर दिसतो आणि बिल वाढल्यासारखे वाटते. पण नव्या मीटरमध्ये दोष असूच शकत नाही, असेही नाही. सर्वसामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही, असे तत्कालीन ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जून २०२४ मध्ये जाहीर केले. त्यानंतर बसवले जाणारे टीओडी मीटर कोणत्या वेळी किती वीज वापरली, हे नोंदवतात. २०२५ मध्ये महावितरणने अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतील वापरावर सवलत जाहीर केली. दिवसा घराला कुलूप असणाऱ्या नोकरदार जोडप्याला तिचा उपयोग थोडाच.

नव्या मीटरबद्दल शंका असेल तर वाद घालत बसण्याची गरज नाही. रीडिंग वापराशी जुळत नसल्याची तक्रार केल्यास कंपनीने पाच दिवसांत शेजारी दुसरा मीटर लावून किमान तीन महिने वापर पडताळावा, असा केंद्राचा २०२४ चा नियम आहे.

बिल चुकीचे वाटले तर काय करावे?

आधी चार गोष्टी पाहाव्यात : बिलावरचे चालू रीडिंग मीटरवरच्या आकड्याशी जुळते का, बिल किती दिवसांचे आहे, ते सरासरीचे आहे का आणि मागील वर्षी याच महिन्यात वापर किती होता. मीटरचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. मग लेखी किंवा ऑनलाइन तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत तिथे जाता येते. मंचाचा निकाल पटला नाही, तर विद्युत लोकपालांकडे ६० दिवसांत जावे लागते. त्यांची कार्यालये मुंबई आणि नागपूर येथे आहेत. या दोन्ही ठिकाणी वकील नसला तरी चालतो.

‘आधी भरा, नाहीतर वीज तोडू’ हे उत्तर अनेकांनी ऐकलेले असते. विद्युत कायदा २००३ चे कलम ५६ इथे कामी येते. वीज तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावीच लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने येणारी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती निषेध नोंदवून भरता येते. तेवढे भरले की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. तसेच दोन वर्षांहून जुनी रक्कम सातत्याने थकबाकी म्हणून बिलात दाखवली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. अचानक आलेल्या जुन्या थकबाकीच्या बिलावर या एका कलमाचा उल्लेख असलेला अर्ज पुष्कळदा चर्चेची सुरुवातच बदलून टाकतो.

बिल कमी करण्याचा मार्ग कोणता?

सगळी कसरत वरच्या टप्प्यातील युनिट कमी करण्याची आहे, कारण बचत तिथेच मोठी होते. स्वतःचे छत असेल तर सौर पॅनेल हा पर्याय आहे. एक किलोवॉटचा संच महिन्याला साधारण १२० युनिट देतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा अधिक किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. ही युनिट सर्वात महाग टप्प्यातून वजा होतात, हा त्याचा खरा फायदा. भाड्याच्या खोलीत किंवा चाळीत राहणाऱ्याला मात्र छतच नसते. त्याच्यासाठी बिल वाचणे, वेळेत हरकत घेणे आणि पुढच्या जनसुनावणीची जाहिरात आली की तिकडे दुर्लक्ष न करणे, एवढीच साधने उरतात.