वाड, वाडी, बाडी
शब्दांची बिऱ्हाडं : लेखांक १४

मागच्या आठवड्यात आपण उंबरठ्यावर थांबलो होतो. आज अंगण ओलांडून कुंपणापर्यंत जाऊ.

'कुंपणच शेत खातं' ही म्हण आपल्या एकट्यांची नाही. गुजरातीत वाडच चीभडां गिळते, आणि चीभडां म्हणजे आपल्या चिबडाचीच भावंडं. तमिळमध्ये 'वेली' पीक चरते, कन्नडमध्ये 'बेली' उठून शेत चरते, तेलुगूत हेच काम 'कंचे' करते. राखणदारानंच हात मारल्याचा अनुभव सगळ्या प्रांतांना असावा. फरक आहे तो क्रियापदात. आपण 'खातं' म्हणून मोकळे होतो. दक्षिणेकडच्या या तिन्ही भाषांत कुंपण गुरासारखं चरतं. ज्याला अडवायला उभं केलं, नेमका त्याचाच अवतार ते घेतं. त्यांची म्हण मला आपल्यापेक्षा तिखट वाटते.

आता त्या गुजराती 'वाड'कडे वळू. संस्कृतात 'वाट' म्हणजे कुंपण, किंवा कुंपणानं वेढलेली जागा. (आपण चालतो ती वाट वेगळी.) गुजरातीनं 'वाड' म्हणून तो कडेलाच ठेवला, हिंदीनं 'बाड़' म्हणून. मराठीत मात्र त्याचे वंशज आत शिरले. नारळी-पोफळीची वाडी म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे झाडं येतात, कुंपण नव्हे. त्याच वाडीत चार घरं उभी राहिली की ती वस्ती झाली, आणि मग नकाशावर एखादं लहानसं खेडं असो की सावंतांचं संस्थान, नावाला शेपूट तेच. चौसोपी वाडाही याच घराण्यातला. बंगाली माणूस तर आणखी आत गेला. त्याची 'बाडी' म्हणजे थेट राहतं घर. एका शब्दानं कडेवरून बागेत, बागेतून वस्तीत आणि वस्तीतून माजघरात मुक्काम हलवला.

हे आपल्याकडेच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडता आलं असतं. पण युरोपातही हुबेहूब हाच प्रवास दिसतो. जर्मन भाषेत 'त्साउन' म्हणजे कुंपण. त्याच मुळातून आलेला डच शब्द म्हणजे बाग. आणि इंग्रजीत तो झाला 'टाऊन', म्हणजे शहर. कुंपण, बाग, गाव. आपल्या वाड-वाडीची ही जणू शब्दशः नक्कल, आणि दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तमिळ 'वेली'नं वेगळी वाट धरली. ती जमिनीचं मापच बनली, सुमारे पावणेसात एकरांचं.

सगळ्यात लांबची मजल इराणची. अवेस्तामधला 'पइरिदएझ' म्हणजे भोवताली भिंत घातलेली जागा. त्यातला 'पइरि' हा आपल्या संस्कृत 'परि'चा सख्खा भाऊ. झेनोफन या ग्रीक लेखकानं इराणी राजांच्या उपवनांचं वर्णन करताना हा शब्द ग्रीकमध्ये नेला. पुढे बायबलच्या ग्रीक भाषांतरात तो एदेनच्या बागेला लागला. इंग्रजीतला 'पॅराडाईज' तोच, अरबीतला 'फिरदौस'ही तोच.

अर्थ असे आत सरकत गेले, तरी कडेला जे उभं असतं त्यालाही नावं लागतातच, आणि ती हाताशी काय मिळतं यावर ठरतात. कोकणात जांभा दगड मुबलक, म्हणून चुन्या-सिमेंटाविना दगडावर दगड रचलेला गडगा. काट्याकुट्यांची केली तर ती वई. संस्कृत 'वृति'चं हे झिजलेलं रूप. ये-जा करायला त्यात आडव्या बांबूंचं बेडं. घाटावर कोरडवाहू रानात बोराटी आणि बाभळीच्या फांद्या. जिवंत कुंपण हवं तर शेर, निर्गुडी, घायपात, फड्या निवडुंग, मोगली एरंड. यातले शेवटचे तिघेही मूळचे अमेरिका खंडातले. मोगलांचा त्या एरंडाशी संबंध नसावा; परक्या झाडाला परक्या माणसांचं नाव चिकटलं, इतकंच.

अमेरिकेच्या गवताळ मैदानांत तर ना पुरेसं लाकूड, ना दगड. तिथले शेतकरी ओसेज ऑरेंज नावाच्या काटेरी झाडाची दाट रांग लावत. पण ती वाढायला काही वर्षं जायची. १८७४ मध्ये इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडननं काटेरी तारेचं पेटंट घेतलं आणि ही वाट पाहणं संपलं. दोन तारांना पीळ देऊन काटा जागच्या जागी पक्का बसवायचा, एवढीच त्याची करामत. तार देशोदेशी गेली, पण तिला सगळीकडे नाव पडलं ते कोरडं, काटे असलेली तार एवढंच सांगणारं. कारखान्यातली वस्तू बहुधा असंच नाव घेऊन येते. वई आणि बेडं हे शब्द मात्र तारेच्या गुंडाळ्यांबरोबर कानाआड होत चालले आहेत. वई दरवर्षी नव्यानं घालावी लागे, त्यामुळे तो शब्दही दरवर्षी तोंडात येई.

मग आपण आज म्हणतो काय? 'कंपाऊंड'. या इंग्रजी शब्दाचं मूळ बहुतेक कोशकार मलय भाषेतल्या 'कांपुंग'मध्ये शोधतात. मलेशियात कांपुंग म्हणजे आजही खेडं, वस्ती. पूर्वेकडे वावरणाऱ्या युरोपियनांनी तो उचलून बंगल्याभोवतीच्या आवाराला लावला. आपण मात्र 'कंपाऊंड घातलं', 'कंपाऊंडवरून उडी मारली' म्हणतो तेव्हा आवार डोळ्यांपुढे नसतं, असते ती भिंत किंवा जाळी. सगळे शब्द कडेवरून आत गेले. हा एकटा वस्तीतून निघाला आणि मराठीत येऊन कडेवर उभा राहिला. 'कुंपण' आणि 'कंपाऊंड' कानाला सारखे लागतात, त्या गोंधळातून हे घडलं असावं, असा माझा आपला अंदाज. पण तेवढ्या आवाजावरून दोघांची सोयरीक जुळवायची घाई कुणी करू नये.

पुढच्या आठवड्यात फाटक, आणि त्याबरोबर फाटक आडनावाची मंडळी.